खाडीत गळाने रावस आणि जिताडा: सुरुवात कशी करावी? (ठाणे – नवी मुंबई)

गळकरी

ठाणे, ऐरोली, बेलापूर, उलवे भागातून नव्याने गळ घेऊन खाडीवर जाणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरले आहेत. सगळं एका ठिकाणी असावं म्हणून हा धागा. जाळ्याबद्दल इथे बोलायचं नाही, फक्त गळ. आणि मासे दोनच, रावस आणि जिताडा. बाकीचे मासे आपोआप लागतात.

आधी जागा, कारण इथेच नवे लोक अडचणीत येतात. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधली ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). या हद्दीत छंदासाठी गळ टाकायला जाऊ नका. कांदळवन हे राखीव वन आहे. त्यात वाट काढायला फांदी तोडणं हासुद्धा गुन्हा. पुलांवर उभं राहून गळ टाकणं धोक्याचं आहे, पोलीस उठवतात आणि ते बरोबरच आहे. मग उरतं काय? दिवाळे-बेलापूरच्या बाजूचे धक्के, पनवेल खाडीचा काठ, उलवे-मोरावे, थोडं लांब जायची तयारी असेल तर उरणचं करंजा. ठाणेकरांना उल्हासच्या मुखाकडचा घोडबंदर-गायमुख पट्टा. नागला बंदराकडचा जंगलाचा तुकडा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, त्या बाजूने काठावर उतरू नका.

धक्का गावाचा असतो. तिथे होड्या लागतात, जाळी वाळत घातलेली असतात. आधी विचारायचं, होडी येत-जात असताना दोरी वर घ्यायची. खाडीत खुंटे रोवून लावलेल्या जाळ्यांच्या रेषेत गळ फेकायचा नाही. त्यात गळ अडकला तर तुमचं शंभर रुपयांचं नुकसान होतं, पण कोळ्याचं जाळं फाटतं.

आता मूळ मुद्दा. नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, रॉड कुठला घेऊ? माझ्या मते पहिला प्रश्न पाहिजे, पाणी कधी चालतं? खाडीत मासा पाण्याबरोबर फिरतो. पाणी उभं राहिलं की खाणं थांबतं. महागडा रॉड घेऊन चुकीच्या तासाला बसलेल्या माणसापेक्षा साधी हातदोरी घेऊन बरोबर तासाला आलेल्याला मासा लागतो. म्हणून सामानाचा विषय दुसऱ्यांवर सोडतो आणि भरती-सुकतीपासून (सुकती म्हणजे ओहोटी) सुरुवात करतो.

पंचांगातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा. जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. पंचमीला ५ गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, आणि तशीच पहाटे सव्वातीन-साडेतीनच्या सुमाराला. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून मुंबईचं भरतीचं वेळापत्रक ताडून बघा. ते बंदराच्या मुखाजवळचं असतं, खाडीत जसजसं वर जाल तसतशी भरती उशिरा पोहोचते.

भरती-सुकतीमध्ये सव्वासहा तास जातात, पण पाणी सगळा वेळ सारखं चढत नाही. सहा तासांत साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बारा वाट्यांनी चढतं. चढउतार ४ मीटरचा धरला तर पहिल्या तासात ३३ सेंटीमीटर, दुसऱ्यात ६७, तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकेक मीटर. जोर मधल्या दोन तासांत असतो. तुम्ही दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला जागेवर तयार असायला हवं. वरच्या उदाहरणात सुकती साधारण साडेनऊला संपते, म्हणजे साडेदहाला गळ पाण्यात.

---

सानपाडा_सखी

फार उपयोगी माहिती. दोन शंका. उधाणाला (मोठ्या भरतीला) जाणं चांगलं की भांगेला (लहान भरतीला)? आणि रावस भरतीला, जिताडा सुकतीला असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का?

---

पाणीपारखी

ताई, दोन्हीचं उत्तर एकमेकांत अडकलेलं आहे.

रावस कोळंबी आणि बारक्या बोयांच्या (बोय हा खाडीतला छोटा मासा) मागे येतो. पाणी चढायला लागलं की कोळंबी चिखलाच्या सपाट भागावर पसरते आणि रावस तिच्यामागून उथळात शिरतो, अगदी कमरेएवढ्या पाण्यातही. गढूळ पाण्याचं त्याला वावडं नाही. छातीच्या पराखाली जे मोकळे तंतू लोंबतात त्यांनी तो तळ चाचपतो. तोंड नाकाडाच्या खाली असतं, त्यामुळे तळाजवळचं आमिष तो सहज उचलतो. म्हणून रावसासाठी चढतं पाणी आणि तळालगत आमिष.

जिताडा दबा धरतो. त्याला आडोसा आणि अरुंद वाट पाहिजे. धक्क्याचे खांब, दगडी बांधाचं टोक, खारजमिनीच्या उघाडीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेचं) तोंड, बारीक नाळ जिथे मोठ्या खाडीला मिळते ती जागा. सुकतीला पाणी उतरतं तेव्हा आत गेलेली बोय आणि कोळंबी याच वाटेने बाहेर पडते, आणि जिताडा वाटेच्या कडेला, प्रवाहाच्या सावलीत उभा असतो. आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाने वाहत त्याच्यासमोर यायला हवं. त्याच्या शेपटीकडून आलेलं आमिष तो सहसा बघत नाही.

तेव्हा ऐकलंत ते ढोबळमानाने खरं आहे. फक्त जिताडा भरतीच्या शेवटच्या तासालाही लागतो, खांबांपाशी.

उधाण की भांग? पूर्ण उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस, आपल्या खाडीत प्रवाह इतका असतो की ६० ग्रॅमचं शिसं तळावर टिकत नाही. शिवाय काठावरचा सगळा कचरा पाण्यात उतरतो आणि दर फेकीला दोरीला प्लास्टिकची पिशवी. अष्टमी ते दशमीच्या भांगेला उलट, पाणी नीट चालतच नाही. चतुर्थी ते सप्तमी आणि एकादशी ते त्रयोदशी हे दिवस नव्या माणसासाठी सर्वात सोपे.

महिन्यांचं म्हणाल तर पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर, आणि पुन्हा मार्च ते मे. थंडीत पाणी गार पडलं की जिताडा सुस्तावतो. तेव्हा आमिष हळू ओढा किंवा स्थिर ठेवा.

---

मीठबंदर

सामानाचं मी लिहितो. धक्क्यावरून आणि काठावरून दोन्हीकडे चालेल असा एकच संच:

रॉड ८ ते ९ फूट, स्पिनिंग, २० ते ६० ग्रॅम फेकण्याच्या क्षमतेचा. धक्क्यावरून यापेक्षा लांब रॉड आवरत नाही. रील ४००० आकाराचं. पहिल्या संचाला चार-पाच हजार रुपये पुरतात. त्यातले जास्त पैसे रीलवर घाला, कारण खाऱ्या पाण्यात आधी रील मरतं.

दोरी ३० पौंडांची ब्रेड (विणलेली दोरी; पौंड म्हणजे ती किती ताण सोसते), १५० ते २०० मीटर. स्पूलवर (रीलच्या चकरीवर) थेट ब्रेड बांधू नका, ती गुळगुळीत असल्यामुळे सगळी एकदम घसरते आणि ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी ताणून सुटू देणारा रीलचा ब्रेक) बिघडला असं वाटतं. खाली आठ-दहा वेढे नायलॉन तंगूस (एकेरी धाग्याची दोरी) द्या, त्यावर ब्रेड. स्पूलच्या कडेपासून २ मिलिमीटर खाली भरणं थांबवा. काठोकाठ भरली तर फेकताना गुंता होणारच.

ब्रेडच्या पुढे दीड मीटर लीडर, म्हणजे जाड तंगुसाचा तुकडा, लागतोच. जिताड्याच्या गालाच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि तोंडात बारीक दातांची खरवड असते. खांबांवर कालवं असतात. ब्रेड यापैकी कशालाही क्षणभर टिकत नाही. जिताड्याला ५० ते ६० पौंडांचा लीडर, फक्त रावसाला ३० ते ४० पुरे.

लीडर आणि ब्रेड जोडायला एफजी गाठ शिका. ब्रेड ताठ धरून तिच्यावर लीडर एकदा वरून, एकदा खालून असे वीस वेढे द्यायचे. मग ब्रेडच्या मोकळ्या टोकाने दोघांवर मिळून दोन अर्ध्या गाठी. आता ओलं करून दोन्हीकडून जोरात ओढायचं, वेढ्यांचा रंग गडद होऊन ते लीडरमध्ये रुतलेले दिसले पाहिजेत. त्यानंतरच लीडरचं टोक कापायचं आणि पुढे फक्त ब्रेडवर चार-पाच अर्ध्या गाठी. गाठ सुटण्याचं जवळजवळ एकच कारण असतं, आवळण्याआधी कापणं.

तळाची मांडणी: ब्रेड-लीडरवर एक सरकती क्लिप, तिला एक वीत लांबीचा १० पौंडी तंगूस आणि त्याच्या टोकाला शिसं. पुढे मणी, फिरकी, मग आमिषाकडचा ६० सेंटीमीटर लीडरचा तुकडा आणि गळ. शिसं मुद्दाम कमकुवत तंगुसावर ठेवलं आहे. दगडात अडकतं ते बहुतेक शिसंच, तेव्हा तेवढं तुटून बाकी सगळं परत येतं. मध्यम पाण्याला ४० ते ६० ग्रॅम.

---

तंगूस

मीठबंदर, मांडणी उत्तम. पण पहिल्याच दिवशी रॉड-रील घ्यायची गरज नाही हे मी ठामपणे सांगेन. धक्क्यावर हातदोरी शिकायला सर्वात चांगली. ०.७० ते ०.८० मिलिमीटरचा तंगूस ५० मीटर, लाकडी चकतीवर गुंडाळलेला, त्याला हीच तळाची मांडणी. खर्च काहीशे रुपये. बोटाला सरळ कळतं की खेकडा कुरतडतोय, शिंगाळा (काटेरी मासा) ओढतोय की रावसाने उचललंय. रॉडच्या टोकावरून हे ओळखायला बरेच महिने जातात.

तर्जनी आणि मधल्या बोटाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला. तंगूस हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळून धरू नका. मोठा जिताडा पहिल्या झटक्यात बोट कापतो. सुटलेली दोरी पायाशी नाही, बादलीत पडली पाहिजे.

---

मीठबंदर

धक्क्यापुरतं मान्य. पण उथळ काठावर, जिथे तीस मीटर पुढे फेकायचं आहे, तिथे हातदोरी कमी पडते. आणि रावस सुसाट पळतो तेव्हा ड्रॅगचं काम हाताने जमायला सराव लागतो.

ड्रॅगचा विषय निघालाच आहे तर आकड्यांत सांगतो. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग त्याच्या पाव, म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलो. ताणकाटा दोरीला लावून रॉड वाकवून मोजा, अंदाजाने नको. खांबाजवळ जिताड्याला ४ किलोपर्यंत चालेल, कारण पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला आडोशापासून तोडलं नाही तर तो गेला. रावसाला मात्र दीड ते दोन किलो. त्याचं तोंड मऊ असतं, जास्त ताणलं की गळ फाटून निघतो. रावस हातचा जातो तो बहुतेक वेळा घट्ट ड्रॅगमुळे.

---

उलवे_सेक्टर

नमस्कार मंडळी. आमिष कुठलं? बाजारातली सोललेली कोळंबी लावली तर फक्त खेकडे आणि शिंगाळे येतात असं ऐकलंय. आणि सर्कल गळ (टोक आत वळलेला) चांगला की साधा?

---

पाणीपारखी

सोललेली कोळंबी मऊ असते, बारके मासे आणि खेकडे दोन मिनिटांत गळ स्वच्छ करतात. सालासकट ताजी कोळंबी लावा. जिवंत मिळाली तर त्याहून उत्तम. डोक्यावरच्या काट्याखाली जो काळपट ठिपका दिसतो तो मेंदू. त्याच्या पुढून, काट्याच्या मुळाशी, १/० किंवा २/० गळ (हा गळाचा आकार, आकडा मोठा तसा गळ मोठा) आडवा घाला. ठिपक्यातून गेला की कोळंबी लगेच मरते. मेलेली कोळंबी शेपटीकडून ओवून गळाचं टोक पोटाकडून बाहेर काढा. सरळ ओवली नाही तर प्रवाहात भोवऱ्यासारखी फिरते आणि लीडरला पीळ पडतो.

जिताड्याला १० ते १२ सेंटीमीटरची जिवंत बोय. प्रवाह असेल तर वरच्या ओठातून, पाणी शांत असेल तर पाठीच्या पराच्या जरा पुढे. गळ ४/० ते ६/०. दहा लिटरच्या बादलीत सहा-सात बोयांपेक्षा जास्त ठेवू नका, बॅटरीचा हवेचा पंप लावा आणि अर्ध्या तासाने निम्मं पाणी बदला. बोय वर येऊन तोंड उघडझाप करू लागली की पाण्यातला प्राणवायू संपला समजा.

जिवंत आमिषाला सर्कलच. फक्त सर्कलला झटका द्यायचा नाही, ही सवय मोडणं अवघड जातं. मासा दोरी घेऊन चालायला लागला की रॉडचं टोक खाली धरून हळूहळू गुंडाळायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. झटका दिला की तोंडातून सरळ बाहेर. आमिष ओवताना गळाचं टोक आणि दांडी यांतली फट मोकळी राहिली पाहिजे. आमिषाने ती भरली तर गळ रुतणार नाही. साध्या गळाला झटका लागतो, पण मासा तो पोटात गिळतो आणि सोडायचा असेल तर वाचत नाही.

---

गळकरी

कृत्रिम आमिषाबद्दल थोडं. गढूळ पाण्यात माशाला रंगापेक्षा हालचाल आणि थरथर आधी कळते. म्हणून चार इंची रबरी मासा, चपट्या शेपटीचा, १५ ते ३० ग्रॅमच्या शिशाच्या डोक्यावर. तळाला टेकू द्या, दोन वेळा उचला, पुन्हा टेकू द्या. घास बहुतेक वेळा खाली पडताना येतो, त्यामुळे पडताना दोरी ढिली सोडू नका. नव्या माणसाने याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे, कारण आपल्या खाडीतल्या कचऱ्यात ते सतत अडकतं आणि उत्साह मावळतो.

फेकल्यावर बेल (रीलवरची दोरी अडवणारी तार) हाताने बंद करा आणि दोरी एकदा ताणून मगच गुंडाळा. हँडल फिरवून बेल बंद केली की पहिला वेढा सैल बसतो आणि पुढच्या फेकीला तिथेच गुंता होतो. हलक्या आमिषाला वाऱ्यावर तर हमखास.

---

सानपाडा_सखी

शिंगाळा लागला तर सोडवायचा कसा? आणि खाडीचा मासा खावा का, याबद्दल कोणीच बोललं नाही.

---

तंगूस

शिंगाळ्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. तिन्ही विषारी आणि करवतीसारखे. हात लावू नका, लांब पक्कडीने गळाची दांडी धरून मासा उलटा करा, सुटतो. नाही सुटला तर लीडर कापा. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी ४५ अंशांपेक्षा जास्त गरम नको, भाजेल. या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो आणि वेदना उतरतात. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा सूज वाढली तर दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शनही बघून घ्या. बर्फ लावू नका. पाकटाच्या (शेपटीत काटा असलेल्या चपट्या माशाच्या) काट्याला हाच उपाय.

---

पाणीपारखी

खाण्याबद्दल स्पष्ट लिहितो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं आणि शहरांच्या नाल्यांचं पाणी वर्षानुवर्षं ठाणे खाडीत येत आलं आहे. खाडी वरच्या टोकाला अरुंद आणि उथळ आहे, तिथलं पाणी सहज बदलत नाही. नाल्याच्या तोंडाशी, तेलकट तवंग किंवा रॉकेलसारखा वास असलेल्या जागी पकडलेला मासा खाऊ नका. शिजवून जड धातू जात नाहीत. मोठ्या शिकारी माशांत ते जास्त साठतात, म्हणून गर्भवती आणि लहान मुलांना असा मासा देऊच नये. करंज्यासारख्या उघड्या मुखाकडचं पाणी तुलनेने चांगलं.

ठेवायचा असेल तर पकडल्याबरोबर कल्ल्याखाली कापून रक्त वाहू द्या आणि माशाच्या वजनाइतका बर्फ. रावस उन्हात अर्ध्या तासात मऊ पडतो.

सोडण्याबद्दलही. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. मोठे जवळजवळ सगळे मादीच, आणि त्या लाखोंनी अंडी घालतात. रावसाचंही तसंच, आधी नर मग मादी. म्हणून अगदी लहान सोडायचे हे सगळ्यांना पटतं, पण फार मोठा जिताडाही सोडावा. ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे करून. जबड्याला लटकवून फोटो काढू नका, त्याच्या मानेचे सांधे निखळतात. जिताडा चिवट आहे, रावस नाही. त्याचे खवले हात लागताच सुटतात, म्हणून रावस शक्यतो पाण्यातच सोडवा. राज्य सरकारने २०२३ मध्ये अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे, ती यादी बघून ठेवा.

---

कोपरी_ते_कळवा

विषय थोडा बाजूचा आहे, पण इथेच विचारतो. मुलीकडे स्कॉटलंडला जाणार आहे. तिथे नदीत सामन मासा पकडतात. आपल्या रावस-जिताड्याच्या अनुभवावर जमेल का?

---

मीठबंदर

काका, पाणी वाचण्याची सवय कामाला येईल, बाकी सगळं वेगळं. सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. जिताडा नेमका उलटा, गोड्या पाण्यात वाढून अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो. नदीत शिरलेला सामन खाणं जवळपास बंद करतो, त्यामुळे भुकेवर नाही, त्याला डिवचून घास घ्यायला लावायचा असतो. म्हणून पिसांच्या माशीचा गळ आणि १३ ते १५ फुटी दोन हातांचा रॉड. माशी प्रवाहावर तिरकी, पैलतीराच्या खालच्या अंगाला टाकायची, ती कमानीत वाहत अलीकडे आली की दोन पावलं खाली सरकून पुन्हा तसंच.

टे, स्पे, डी, ट्वीड या तिथल्या मोठ्या सामन नद्या. नदीचे भाग खाजगी मालकीचे असतात, त्या भागाची परवानगी आधी घ्यावी लागते. रविवारी सामन पकडणं कायद्याने बंद, आणि १ एप्रिलच्या आधी लागलेला प्रत्येक सामन सोडायचा. पहिल्यांदा गिली घ्याच, म्हणजे तिथला वाटाड्या. आणि इथले बूट, जाळी पूर्ण वाळवल्याशिवाय नेऊ नका. परजीवी जाऊ नयेत म्हणून ते लोक याबाबत फार काटेकोर असतात.

---

गळकरी

चिखलाबद्दल लिहायचं राहिलं होतं. सुकतीला उघडा पडलेला चिखल वरून घट्ट दिसतो, पण मांडीपर्यंत पाय जातो. अडकलेला गळ किंवा मासा आणायला त्यात कधीच उतरायचं नाही. फसलातच तर पाय उपसायचा प्रयत्न करू नका, मागे रेलून बसा, वजन पसरवा, एकेक पाय गोल हलवत सैल करा आणि बूट सोडून द्या. भरती समोरून नाही, मागच्या बारीक नाळांतून आधी भरते. काठावर पुढे जाऊन बसलेल्याची परतीची वाट तीच कापते. एकट्याने जाऊ नका, रात्री तर नाहीच. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. काठावरून गळ टाकणाऱ्यांनीही पावसाच्या लोंढ्यात जाऊ नये, आणि तो काळ अंडी घालण्याचाही आहे.

---

उलवे_सेक्टर

धक्क्यावर सुकतीला पाणी बरंच खाली असतं. मोठा मासा वर कसा घ्यायचा? दोरीने उचलला तर तुटेल ना?

---

तंगूस

तुटेलच. ड्रॅग घट्ट करून उचललं तर गळ फाटतो, नाहीतर रॉडचं टोक मोडतं. दोरी लावलेली गोल हातजाळी ठेवा, तळाला थोडं शिसं बांधून, म्हणजे ती प्रवाहात तरंगत नाही. ५ ते ६ मीटर जाड दोरी. जाळी आधी पाण्यात उतरवून स्थिर ठेवायची आणि थकलेला मासा तिच्यावर, डोक्याकडून, प्रवाहाबरोबर येऊ द्यायचा. जाळी घेऊन माशामागे धावलात तर तो शेवटची उडी मारतो आणि तिथेच सुटतो. हे दोघांचं काम आहे, म्हणूनही जोडीदार पाहिजे.

घरी गेल्यावर रीलचा ड्रॅग घट्ट करून वरून गोड्या पाण्याची हलकी धार द्या, बादलीत बुडवू नका आणि जोराचा फवारा नको, त्याने मीठ आत ढकललं जातं. पुसून वाळवा, दोरीच्या रोलरवर तेलाचा एक थेंब, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. घट्ट राहिला तर आतल्या चकत्या चिकटतात आणि पुढच्या वेळी पहिल्याच पळीला दोरी तुटते.